एकच शब्द उरला तेव्हा

आमचे हे चाकण एमआयडीसीत टूलरूमला होते. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या प्रेसच्या डाय बनवायच्या, बिघडल्या की दुरुस्त करायच्या, हे त्यांचं काम. आयटीआय करून भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये त्यांचा हात बसला. पुढे महाळुंग्याकडे कारखाने वाढले तसे तिकडे गेले. घर मोशीत. त्या दिवशी तिसरी पाळी करून आले, चहा घेतला आणि झोपले. दुपारी उठले तेव्हा उजवा हात लोंबत होता आणि तोंडातून एकच शब्द निघत होता, ‘नाही’.

काय होतंय विचारलं, नाही. पाणी देऊ का, तरी नाही. आणि डाव्या हाताने तांब्या मात्र स्वतःकडे ओढला.

दवाखान्यात स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झटका झोपेत आलेला, नेमका कधी ते कुणाला सांगता येईना, त्यामुळे ते देता आलं नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी माणसं आमच्या पट्ट्यात घरोघरी आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

डॉक्टरांनी फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूला मेंदू काढून दाखवला. डाव्या कपाळामागचा भाग बोलणं जुळवतो, कानाच्या मागच्या-वरच्या बाजूचा भाग ऐकलेलं समजून घेतो. ह्यांचा पुढचा भाग गेला होता, मागचा बराचसा शाबूत होता. नातेवाईक म्हणाले, बोलता येत नाही तर वही-पेन द्या, लिहून सांगतील. पण जिथून शब्द जुळतात तीच जागा दुखावली, तर शब्द जिभेवर येत नाही तसा पेनातही उतरत नाही. ह्यांनी डाव्या हाताने रेघा ओढल्या, पेन ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. वाचायची सवय आहे, म्हणून जे मिळेल ते वाचत गेले. त्यात पॅरिसचा लेबोर्न भेटला. हा माणूस वीसेक वर्षं बिसेत्रच्या रुग्णालयात होता आणि काहीही विचारलं तरी ‘ताँ’ एवढंच म्हणायचा. समजायचं मात्र बरंच. १८६१ साली तो वारला आणि पॉल ब्रोका या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला पुढे खराबी सापडली. बोलण्याला मेंदूत ठरावीक जागा आहे याचा तो पहिला मोठा पुरावा, आणि त्या जागेला आजही ब्रोकाचंच नाव आहे. लेबोर्नचा धंदा काय होता? तो बुटांचे लाकडी साचे करायचा. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ह्यांच्याकडे बघत बसले.

आळंदी आम्हाला जवळ. दर एकादशीला हे जायचे, गल्लीतल्या भजनी मंडळातही बसायचे. मंडळी एका संध्याकाळी घरीच आली आणि हरिपाठ सुरू झाला. दुसऱ्या-तिसऱ्या अभंगाला ह्यांचा आवाज लागला. शब्द स्पष्ट, चालही बरोबर! मी टाळ धरून तशीच राहिले. हरिपाठ संपला, ह्यांना पाणी हवं होतं, आणि तोंडातून निघालं, ‘नाही.’

स्पीच थेरपिस्ट ताईंना याचं नवल वाटलं नाही. पाठ झालेलं आणि चालीवर म्हटलेलं मेंदू दुसऱ्या वाटेने काढतो. त्यात उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो. तिथे प्रत्येक शब्द नव्याने शोधावा लागत नाही, एक आला की पुढचा आपोआप येतो. अमेरिकेत १९७३ पासून याच आधारावर रुग्णांना सुरात बोलायला शिकवतात. आम्ही पाढे धरले. मी ‘बे दुणे’ म्हणायचे, हे ‘चार’ म्हणायचे. पोळ्या किती वाढू विचारलं की नुसतं ‘दोन’ येत नसे. ‘एक’पासून मोजत यायचे आणि दोनला हात वर करायचे. असे आकडे आले, मग ‘चहा’, मग नातीचं नाव.

हातांचं सांगायचं राहिलं. कारखान्यातला एक मुलगा भेटायला आला. ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. खिशातून त्याने पत्र्याचा भोक पाडलेला तुकडा काढला. “अण्णा, एकाच बाजूला बर येतेय. काय करू?” बर म्हणजे कापलेल्या कडेला उरणारी धारदार कोर. ह्यांनी डाव्या अंगठ्याचं टोक भोकाच्या कडेवरून गोल फिरवलं. एका जागी थांबले, परत फिरवलं, परत तिथेच थांबले. मग ताटात वाटी ठेवली आणि ती एका कडेला सरकवून दाखवली. पोरगा म्हणाला, “म्हणजे भोक पाडणारा पंच सरकलाय, या बाजूला क्लिअरन्स, म्हणजे फट, जास्त झालाय.” हे म्हणाले, “नाही, नाही,” आणि मान मात्र जोरजोरात होकारार्थी हलवत होते.

डाव्या अंगठ्याची जाणीव मेंदूच्या उजव्या बाजूला जाते आणि ती बाजू धड होती. बोटांना आणि ओठांना तिथे पाठीपेक्षा कितीतरी मोठी जागा असते. माँट्रियलच्या पेनफील्ड या शल्यविशारदाने शुद्धीवरच्या रुग्णांचे मेंदू तपासून हा नकाशा तयार केला. हाताच्या कसबाची आठवणही मेंदूत इतर आठवणींपेक्षा वेगळी राहते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाची फेफरं थांबवायला मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. त्यानंतर नवं काही त्याच्या लक्षात राहीना. तरी आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आदल्या दिवशी गिरवल्याचं त्याला आठवतही नसे. त्याची भाषा शाबूत होती, आठवण गेली होती. ह्यांचं नेमकं उलटं.

आणि तरी एका बँकेत खिडकीपलीकडच्या माणसाने ह्यांच्या समोरच मला विचारलं, “यांना समजतं का काही?” सही जुळत नव्हती, उजवा हातच चालत नाही तर कशी जुळणार! ह्यांचे डोळे भरून आले. शेजारीही ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणतात आणि ह्यांच्याशी मोठ्याने बोलतात, जणू कानच गेलेत. मला याचा फार राग येतो.

म्हणून सांगते. तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका, झोपून बरं वाटेल म्हणू नका. स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्या आणि शेवटचं धड कधी पाहिलं ती वेळ डॉक्टरांना सांगा. पुढे वाचा गेलीच, तर पहिल्या महिन्यातच स्पीच थेरपी सुरू करा. आणि असा माणूस भेटला तर त्याच्या बायकोला विचारू नका, त्यालाच विचारा. हो-नाहीत उत्तर देता येईल असा साधा प्रश्न करा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.