ग्रहण, राहू आणि चौथीचा वर्ग

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणानंतर सोमवारी वर्गात दुसरा विषयच नव्हता. कुणाच्या आजीने सूतक पाळून पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र टाकलं होतं, कुणी गच्चीवरून तांबूस चंद्र पाहिला होता. "बाई, राहू खरंच गिळतो का हो?"

खिडक्या लावून घेतल्या, बल्ब पेटवला. मोठ्या चेंडूच्या सावलीत छोटा चेंडू शिरताना मुलांनी पाहिला. सावलीची कड गोल आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. मग समुद्रमंथनातल्या राहूची गोष्टही रंगवून सांगितली, पण गोष्ट म्हणूनच. आर्यभटाने दीड हजार वर्षांपूर्वी ग्रहणाचं कारण सावली हेच दिलं होतं. पुढे ज्योतिर्गणितात राहू-केतू म्हणजे चंद्राची कक्षा सूर्याचा भासमान मार्ग जिथे छेदते ते दोन बिंदू. पंचांगात ग्रहणाची वेळ मिळते ती गणितामुळे, हे मुलांना फार आवडलं.

सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, हे राज्यघटनेचं कलम २८ सांगतं. कलम ५१-क वैज्ञानिक दृष्टिकोनाला कर्तव्य म्हणतं. दोन्ही मला मनापासून पटतात. पण म्हणून मुलांकडून आजीला अडाणी ठरवून घेणं मला क्रूरपणा वाटतो. आजीचं तुळशीपत्र आजीपाशी राहू दे.

शिक्षकमित्रांनो, पुढच्या चंद्रग्रहणाला मुलांना अंगणात आणा. ते नुसत्या डोळ्यांनी पाहायला काहीही धोका नसतो.