खो मिळण्यापूर्वी

कुणाला पत्त्यांचे वेड असते, कुणाला नाटकांचे, तर कुणाला तपकिरीचे. ही वेडे माणसाला अधूनमधून सुख तरी देतात. मला जडलेल्या वेडाने मात्र गेल्या चार वर्षांत सुखाचा एक क्षणही माझ्या पदरी टाकलेला नाही. आमच्या धाराशिवातील एका महाविद्यालयाचा मुलींचा खो-खोचा संघ हे माझे वेड होय. मी त्याच महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी, आणि त्या संघात माझी सख्खी पुतणी खेळते. तेव्हा या वेडातून सुटण्याच्या दोन्ही वाटा मला बंद आहेत, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

हरणारा संघ दुसऱ्या एखाद्या गावचा असता, तर त्याचे दुःख इतके झोंबले नसते. पण धाराशिवात खो-खोमध्ये हरणे म्हणजे पंढरपुरात राहून अभंग न येण्यासारखे आहे! २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत ज्या भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले, त्याची कर्णधार सारिका काळे ही याच गावची मुलगी. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या आळीत घरोघर पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुषांचा व महिलांचा असे दोन्ही चषक भारताने जिंकले. ज्या खेळाला विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियमांची चौकट घालून दिली, तो असा जगभर गेला. आणि आमचा संघ मात्र आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पहिल्या फेरीच्या पुढे जाईना!

अमेरिकेत म्हणे महाविद्यालयांच्या फुटबॉलचे असेच वेड आहे. तेथे संघ हरू लागला की, जुने विद्यार्थी पहिल्याने शिक्षकाला काढण्याची मागणी करतात. माझी मजल तेथवर गेली नाही. मी एक वही केली. तीत सामन्याची तारीख, प्रतिपक्ष, दोन्ही डावांचे गुण आणि शेवटी एक रकाना: 'पराभवाचे कारण'. हा रकाना मी मोठ्या न्यायनिष्ठुरतेने भरीत असे. 'कर्णधार सरावास उशिरा येते.' 'खांबाजवळ सूर मारण्याचे धैर्य नाही.' 'साखळी पद्धतीने पळणाऱ्या मुलीला कोंडीत पकडता येत नाही.' रात्री जेवणानंतर ओटीवर बसून मी हा रकाना वाचून दाखवी. दादा वर्तमानपत्राआड तोंड लपवीत. आमच्या सौभाग्यवती म्हणत, "एवढ्या बारकाईने घरचा जमाखर्च लिहिला असता, तर बरे झाले असते."

गेल्या वर्षीच्या सामन्याची नोंद मात्र ओटीवर न होता पंक्तीतच झाली. त्याचे असे झाले. दुसऱ्या डावात आमच्या मुली पाठलागावर होत्या. बरोबरीला एक गुण हवा होता आणि अर्धे मिनिट उरले होते. हा खेळ ज्यांनी लहानपणानंतर पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाठलाग करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी मधल्या पाटीत एकाआड एक उलट दिशांना तोंडे करून बसलेल्या असतात. नववी धावते. तिला पाटी ओलांडता येत नाही, की घेतलेली दिशा सोडून मागे फिरता येत नाही. पळणारीला मात्र कुठूनही कुठेही जाण्याची मुभा. ती पाटीतून पलीकडे निसटली की, धावणारीने त्या बाजूला तोंड करून बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचे आणि तिची जागा घ्यायची. खो मिळाल्यावाचून बसलेलीने उठता कामा नये.

त्या क्षणी पळणारी मुलगी हूल देऊन पाटीच्या पलीकडे आली ती नेमकी आमच्या पुतणीच्या समोर. हात लांबविला असता तर तिला शिवता आले असते. मी मैदानाच्या कडेला उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. पुतणी उठली, पण खो मिळण्यापूर्वी उठली. पंचांची शिट्टी झाली. त्या गोंधळात पळणारी दूर गेली, आणि वेळ संपली.

रात्री पानावर बसल्यावर माझ्याने राहवले नाही. आई, दादा, वहिनी, मुले, सगळ्यांदेखत मी म्हणालो, "चार वर्षे खेळून जिला आपल्या जागी बसता येत नाही, तिने दुसऱ्या मुलीला जागा द्यावी हे बरे!" वहिनी वाढता वाढता थांबल्या. पुतणी काही बोलली नाही. ताक-भात तसाच टाकून उठणे आमच्या घरात चालत नाही, म्हणून तिने तो कसाबसा संपविला आणि ती आत गेली. मी वहीत लिहिले, 'पुतणीची अक्षम्य चूक.' त्यानंतर तीन आठवडे तिने माझ्याशी कामापुरते बोलणे ठेवले. चहा आणून देई, चष्मा शोधून देई. सामन्याविषयी अक्षर नाही.

एके दिवशी पहाटे ती सरावाला निघाली, तेव्हा मीच म्हटले, "मी येऊ का?" ती म्हणाली, "या की, काका."

मैदानावर हातलाईच्या डोंगराकडून गार वारा येत होता. मुली आठच होत्या. कर्णधार खेड्यातून एस.टी.ने येते, त्या दिवशी गाडी आली नव्हती. गाडी चुकली की तिला उशीर होतो, हे मला तेथे प्रथमच कळले. माझ्या रकान्यात केवळ 'उशिरा येते' एवढेच होते. नववा गडी नाही म्हणून पाठलागाचा सराव अडला होता. क्रीडाशिक्षकांनी माझ्याकडे पाहून हसत विचारले, "पाटीत बसता का? फक्त बसायचे आहे." अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे मोडून मी मातीत बसलो.

वाचकहो, कडेला उभे राहून मी जे मैदान चार वर्षे पाहिले, ते हे नव्हेच! कडेवरून सगळे दिसते: धावणारी, पळणारी, मोकळी जागा. पाटीत बसल्यावर निम्मे मैदान पाठीमागे जाते. समोर पळणारी दिसते. आपल्याला उठवणारी मात्र दिसत नाही. तिची पावले ऐकू येतात, ती जवळ येतात, वाटते आता हात लागेल; आणि खो शेजारणीला मिळतो. अंगातला कण अन् कण उठण्यासाठी आसुसलेला, आणि धर्म एवढाच की बसून राहायचे. दोनच मिनिटांत मला घाम फुटला.

इतक्यात अभ्यासासाठी पळणारी एक मुलगी अगदी माझ्यापुढून गेली. कडेला चहाची किटली घेऊन उभा असलेला पोरगा ओरडला, "आजोबा, उठा!"

मी उठलो. शिट्टी झाली. पाठीला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

सगळ्या मुली खळखळून हसल्या. हसली नाही ती एकटी माझी पुतणी. तिने माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर खाली वळविली. त्या एका क्षणात गेल्या सामन्यात बेंबीच्या देठापासून मी काय ओरडत होतो, ते माझे मलाच ऐकू आले. 'ऊठ! ऊठ!' हेच ते शब्द होते.

परतताना मी तिला विचारले, "त्या दिवशी तू माझ्या ओरडण्याने उठलीस ना?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आवाज तर किती जणांचे होते, काका. पण ओळखीचा तेवढा एकच. म्हणून फसले."

"मग घरात सांगितले का नाहीस?"

"काय सांगायचे? उठले मीच ना!"

या उत्तरावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. त्या रात्री पंक्तीत, सर्वांसमक्षच, मी झाली हकीकत सांगितली. दोष सर्वांदेखत दिला होता, तो परतही सर्वांदेखतच घ्यायला हवा होता. दादांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. आई एवढेच म्हणाली, "लहानपणी शाळेतही तू दुसऱ्याच्या पाटीत डोकावून सांगायचास." जेवण झाल्यावर मी वही काढली, 'पुतणीची अक्षम्य चूक' यावर काट मारली आणि पुढे लिहिले, 'प्रेक्षकाचा दोष.' पुतणीने ते वाचले आणि अक्षम्य हा शब्दही पुन्हा लिहायला हवा, असे हसत हसत सुचविले.

या अनुभवाने मी शांत प्रेक्षक झालो असेन, असे कुणाला वाटेल, तर तो गैरसमज होय. यंदाही आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, आणि मला पूर्वीइतकाच संताप आला. त्या संध्याकाळी मी कुणाशी बोललो नाही. फरक पडला तो इतकाच. सामन्यात एकदा पळणारी पुन्हा पुतणीसमोर आली, तेव्हा मी तोंडात धरलेली सुपारी दातांखाली घट्ट दाबली आणि बसून राहिलो. तीही बसून राहिली. पाठीला हात लागला, 'खो' ऐकू आला, आणि मग ती उठली. तो गडी बाद झाला.

वहीतला यंदाचा रकाना अजून रिकामाच आहे.