जुन्या वळणाचं नवं घड्याळ

माझं मनगट बारीक आहे. दुकानात ‘लेडीज’ म्हणून जे घड्याळ दाखवतात तो दागिनाच असतो, वेळ बघायला चष्मा शोधावा लागतो. ‘जेंट्स’मधलं 42-44 मिलिमीटरचं, बाहीत अडकणारं. मला हवं होतं ते बाबांच्या ‘एचएमटी जनता’सारखं. रुंदी जेमतेम 35 मिलिमीटर, तबकडी पांढरी, आकडे स्वच्छ. कॉलेजात मी तेच बांधायचे. पुढे एका पावसाळ्यात त्यात पाणी शिरलं, गंज चढला आणि मशीन गेलं.

जुनंच दुसरं शोधावं म्हणून बाजारात चौकशी सुरू केली. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि मध्यमवर्गाच्या मनगटावर घड्याळ आलं. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं. तेव्हापासून जुन्या मालाला भलताच भाव आहे आणि त्याबरोबर भेसळही. एकाची केस, दुसऱ्याचे काटे, तिसऱ्याचं मशीन आणि वर नव्याने रंगवलेली तबकडी: केशरी, पोपटी, कधी कंपनीने काढलीच नव्हती अशा नक्षीची. जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मुंबईचं नाव अशा कामाला चिकटलंय याचं मला वाईट वाटतं. पारखी नजर असल्याशिवाय या बाजारात उतरण्यात अर्थ नाही, आणि ती नजर माझ्यापाशी नव्हती.

याच शोधात छोट्या, स्वतंत्र कंपन्यांची घड्याळं कळली. एखादं जोडपं किंवा दोघे मित्र डिझाइन करतात, केस नि तबकडी बाहेरच्या कारखान्यातून करून घेतात, मशीन मियोटा किंवा सेइकोचं तयार घेतात आणि थेट गिऱ्हाइकाला विकतात. मध्ये वितरक नाही, शोरूम नाही, नटनट्यांच्या जाहिराती नाहीत. नावाजलेल्या स्विस कंपन्यांची जुन्या वळणाची घड्याळं लाखांच्या घरात जातात, ही त्याच्या दहाव्या हिश्शातही बसतात. न्यूयॉर्कची लोरिए, पॅरिसची बाल्टिक, जिनिव्हाची फुर्लान मारी. फुर्लान मारीने तर 2021 मध्ये, म्हणजे पहिल्याच वर्षी, जिनिव्हाच्या घड्याळ-पुरस्कारांत ‘हॉरॉलॉजिकल रेव्हिलेशन’ पारितोषिक मिळवलं, तेही बॅटरीवर चालणाऱ्या, मध्यमवर्गाला परवडेल अशा क्रोनोग्राफवर.

मला बाल्टिक आवडली. एतिएन मालेक या तरुणाने ती 2017 मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन उभी केली. त्याचे वडील घड्याळं जमवत. ते लवकर गेले, आणि त्यांचा संग्रह नि त्याच्या नोंदी मुलाच्या हाती आल्या. तिथून त्याला घड्याळांचं वेड लागलं. मी त्यांचं ‘एचएमएस’ निवडलं. 38 मिलिमीटरचं, साधारण साडेतीनशे युरोंचं. भाची जर्मनीत शिकते. तिच्या पत्त्यावर मागवलं आणि दिवाळीला ती घेऊन आली. आपल्याकडे ही रक्कम लहान नाही, हे मला ठाऊक आहे. पण वीस वर्षं बांधायची वस्तू म्हणून मी ती खर्च केली आणि मला त्यात समाधान आहे.

तबकडीवर 1940च्या सुमाराच्या घड्याळांत असायची तशी गोल रेघांची विभागणी आहे. काच प्लॅस्टिकची, मधोमध फुगीर. तिरकं धरलं की कडेचे आकडे किंचित वाकतात नि प्रकाश मऊ होऊन आत उतरतो. सपाट नीलमणी काचेत ही मजा नाही. हात झटकला की आतल्या मियोटा मशीनचा रोटर, म्हणजे घड्याळाला आपोआप चावी देणारं वजन, भिरभिर फिरतो आणि ते मनगटाला कळतं. काहींना हे मियोटाचं वैगुण्य वाटतं. मला घड्याळ जिवंत असल्यासारखं वाटतं.

वॉरंटी संपल्यावर मी ते लक्ष्मी रोडच्या बोळातल्या आमच्या घड्याळजींकडे मुद्दाम घेऊन गेले. बाबांचं जनता त्यांच्याच वडिलांच्या हाताखालून गेलेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि क्षणभर बघून म्हणाले, “ताई, हे तर सिटिझनचं मशीन. हे काय नवीन नाही आम्हाला.” खरंच होतं ते. मियोटा ही सिटिझनचीच. ज्या घराण्याकडून एचएमटी घड्याळ बनवायला शिकली, त्याच घराण्याचं मशीन पॅरिसच्या या घड्याळात होतं. सर्व्हिसिंग कधीही करून देईन, म्हणाले. आणि मशीन अगदीच गेलं तर आख्खं नवं बसवता येईल. काचेवर दाराच्या कडीचा ओरखडा होता. त्यांनी मऊ फडक्यावर थेंबभर ब्रासो घेतलं, बोटाने गोल गोल घासलं, तोंडाची वाफ सोडून पुसलं. ओरखडा गेला. पैसे घेतले नाहीत.

मला या घड्याळांत हेच मोलाचं वाटतं. जुनं रूप तर छानच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती गल्लीतल्या माणसाला उघडता येतात. दुसऱ्याच्या गाजलेल्या घड्याळाची हुबेहूब नक्कल करून नुसतं नाव बदलणाऱ्याही छोट्या कंपन्या आहेत. त्यांची घड्याळं मी घेणार नाही. आपल्याकडेही बंगळूर वॉच कंपनी, जयपूर वॉच कंपनी असे प्रयत्न चालू आहेत. त्यांची किंमत मला जरा चढी वाटते, पण जयपूरवाले तबकडीत जुनी नाणी बसवतात ती कल्पना सुंदर आहे.

घेणार असाल तर आधी मशीन कोणतं आहे ते विचारा आणि आपल्या घड्याळजीला ते जमतं का याची खात्री करा. आणि घरच्या कपाटात एखादं बंद एचएमटी पडलं असेल तर पहिल्यांदा ते दुरुस्तीला न्या. फक्त तबकडी रंगवू देऊ नका.