बंद झालेल्या खाणीची राखण

चतुर्थीला बेळगावहून मावसभाऊ सहकुटुंब आला की आमचं डिचोली तालुक्यातलं घर भरून जातं. गेल्या वर्षी त्याचा बारावीतला मुलगा माझ्याबरोबर घरामागच्या टेकडीवर आला. समोर हिरवंगार पठार, मध्ये थोडं पाणी, काठाला गवत. त्याने चार फोटो काढले आणि विचारलं, "आत्या, ही खाण बंद झाली ना? मग तू रोज इथे काय करायला येतेस?"

प्रश्न साधा होता. पण त्या पठाराखाली गाळ आहे, आणि माझी नोकरी त्या गाळावर लक्ष ठेवण्याची आहे, हे मी आजवर घरच्यांनाही धड सांगितलेलं नव्हतं. त्याला सांगितलं तेच इथे लिहिते.

गोव्याचं लोहखनिज बहुतेक हलक्या प्रतीचं. एक टन खनिज काढायचं तर अडीच-तीन टन माती-दगड आधी उपसावे लागतात. त्यांचे ढीग म्हणजे आपल्याला रस्त्यावरून दिसणारे लाल डोंगर, डंप. पण गोष्ट तिथे संपत नाही. खनिजाची प्रत वाढवायला ते पाण्याने धुतात. चांगलं खनिज वेगळं होतं आणि मागे उरतो पिठासारखा बारीक लाल गाळ. तो पाण्यासकट दोन टेकड्यांमध्ये बांध घालून साठवतात. यालाच टेलिंग पाँड म्हणतात. आम्ही गावात नुसतं 'पाँड' म्हणतो.

हा गाळ मोठा फसवा. उन्हाळ्यात वरचा थर वाळतो, भेगा पडतात, त्यावर गवतही उगवतं. खाली मात्र वर्षानुवर्षं ओल राहते. तापवलेल्या दुधावर साय धरावी तसं. माझ्या लहानपणी शेजाऱ्यांची गाय अशाच सायीवर चरायला गेली आणि पोटापर्यंत रुतली. दोर लावून आठ माणसांनी तिला ओढून काढली.

आमच्या घराचा या गाळाशी संबंध त्याहून जुना. मी सहावीत असताना जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वरून लाल पाणी आलं आणि आमच्या भाताच्या शेतात वीतभर गाळ बसला. वाळल्यावर तो विटेसारखा कडक झाला. नांगराचा फाळ त्यात जाईना. भरपाई म्हणून थोडे पैसे मिळाले. ते आणि बँकेचं कर्ज मिळून बाबांनी ट्रक घेतला. ट्रक त्याच खाणीची माती जेटीवर नेऊ लागला. चीनला निर्यात जोरात होती. त्या ट्रकवर घराचा स्लॅब पडला, ताईचं लग्न झालं, माझं इंजिनिअरिंग झालं. ज्या खाणीने शेत घेतलं तिनेच ताट वाढलं. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची हीच कथा आहे, म्हणून खाणीबद्दल इथे कोणी पटकन एका बाजूने बोलत नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबलं. मधे काही काळ सुरू झालं, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांची नूतनीकरणं रद्द केली. १६ मार्चपासून सगळं पुन्हा ठप्प. बाबांनी ट्रकवर ताडपत्री घातली. त्याच वर्षी मला खाणी बंद करण्याचं काम पाहणाऱ्या सल्लागाराकडे नोकरी लागली. बाबा एवढंच म्हणाले, "आम्ही माती वाहून घर चालवलं. तू आता गाळ राखून चालव." त्यात कौतुक होतं की टोमणा, मला आजही कळलेलं नाही.

नोकरीला वर्ष होण्याआधी ब्राझीलमधली बातमी आली. २५ जानेवारी २०१९ ला ब्रुमादिन्यो इथल्या लोहखनिजाच्या खाणीचा गाळाचा बांध फुटला आणि २७० माणसं गेली. दुपारच्या जेवणाची वेळ होती. कामगारांची खानावळ बांधाच्या खालच्या अंगालाच होती. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. मला सगळ्यात जास्त हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्या बांधामागे २०१६ पासून नवा गाळ सोडलाच जात नव्हता. म्हणजे गावाच्या भाषेत तो 'बंद' होता. पण गाळावरच गाळाचा बांध चढवत नेलेला, आणि पोटातलं पाणी निघून जायला पुरेशी वाट नाही. वापर थांबला, पाणी थांबलं नाही.

आपल्याकडचे बांध त्या मानाने लहान, बांधणीही निराळी. पण वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या प्रदेशात पाण्याला कमी लेखून चालत नाही. तेव्हापासून 'बंद' हा शब्द मी जपून वापरते.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैची गोष्ट. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. सांडव्यात झाडाच्या फांद्या आणि प्लास्टिक अडकून पाणी वाहायचं बंद झालं होतं, पातळी चढत होती. पहाटे रखवालदाराचा फोन आला. रस्त्यावर पाणी होतं, म्हणून बाबा मला सोडायला आले. बांधाच्या पायथ्याशी एके ठिकाणी पाझर लागला होता. तिथे पाझर नेहमीच असतो. मी नळ्यांमधली पाण्याची पातळी मोजायला निघाले, तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "किती येतंय ते मागाहून बघ गो. रंग बघ आधी."

पाणी लाल होतं.

स्वच्छ पाझर म्हणजे बांध घाम गाळतोय. गढूळ पाझर म्हणजे आतली माती निघून चालली आहे, पोकळी वाढते आहे. हे मी पुस्तकात शिकले होते. बाबा ते त्यांच्या वडिलांबरोबर खाजन शेतीच्या बांधांवर शिकले होते. खाडीचं खारं पाणी अडवणारे ते बांध पिढ्यान्‌पिढ्या गावाने राखले. भरतीच्या रात्री कंदील घेऊन फेरी मारणं, मानशीची दारं बघणं, भोक दिसलं की त्याच रात्री बुजवणं, ही कामं कोणाची ते ठरलेलं असे.

एक कामगार पाझरावर चिकणमाती थापायला धावला. मी आणि बाबा एकदमच ओरडलो, "नको!" पाणी कोंडलं तर ते दुसरीकडून फुटतं. आधी जाड वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर डबर असे थर आम्ही दिले, म्हणजे पाणी निघून जाईल आणि माती मागे राहील. दुसऱ्या टोळीने सांडवा मोकळा केला. खालच्या वाड्यावरच्या अकरा घरांना देवळात जाऊन बसायला सांगितलं. त्यात माझ्या काकीचं घर होतं. दुपारी दोनच्या सुमाराला पाझर निवळला. बाबा पायरीवर बसून भिजलेली विडी पेटवायचा प्रयत्न करत होते. म्हणाले, "पाण्याला अडवायचं नसतं. मातीला अडवायचं."

सुरक्षित बंद करणं म्हणजे बरंचसं हेच. आधी वरचं पाणी काढायचं. मोठ्या पावसाला पुरेल असा दगडी सांडवा करायचा. बांधाचा उतार सौम्य करायचा, पायथ्याला दगडांचा भार द्यायचा. मग गाळ बसत जाईल तसा त्यावर मुरूम आणि सुपीक मातीचा थर, काथ्याच्या चटया, वाळ्यासारखं खोल मुळांचं गवत. पठारावर झाडं लावतात, पण बांधावर मोठी झाडं नाहीत, कारण मूळ कुजलं की पाण्याला आयतं भुयार मिळतं. पूर्वी अशा जागांवर सर्रास ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या. त्या लवकर हिरव्या दिसतात. पण हिरवं दिसणं आणि सुरक्षित असणं या दोन गोष्टी आहेत. शेवटी उरतं ते मोजणं: पाण्याची पातळी, बांधाचं खचणं, ओढ्यात उतरणाऱ्या पाण्याचा गढूळपणा. दर पावसाळ्यात, अनेक वर्षं.

खाण बंद करण्याचा आराखडा कायद्यानेच द्यावा लागतो, त्यासाठी हमीची रक्कम ठेवावी लागते, आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोच्या दाखल्याशिवाय मालकाला हात झटकता येत नाहीत. ब्राझीलच्या दुर्घटनेनंतर ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक मानकही आलं. खालच्या गावाला धोक्याची माहिती दिली पाहिजे, आणि कंपनीतला वरच्या पदावरचा एक माणूस नेमून दिलेला, थेट उत्तरदायी पाहिजे, असं ते सांगतं. वाचताना मला आजोबांचा कंदील आठवला. खाण एकाएकी थांबते, लीज बदलते, कंपनीचं नाव बदलतं. अशा वेळी 'या पावसाळ्यात फेरी कोण मारणार?' हा प्रश्न गावाने विचारायचा असतो. आमच्या गावात आता दर मे महिन्यात ग्रामसभेत आम्ही तो विचारतो, आणि नाव लिहून घेतो.

भाच्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग ही पूर्ण बंद कधी होणार?"

मी त्याला खाली आमच्या शेताकडे नेलं. बाबांनी एका कोपऱ्यातला गाळ खरवडून काढला आहे. दोन वर्षं ताग पेरून तो जमिनीत गाडला, शेणखत घातलं. त्या कोपऱ्यात, चार खाटा मावतील एवढ्या जागेत, भात पोटरीला आलं होतं. उरलेलं शेत अजून लालच आहे.

"एवढ्याला किती वर्षं लागली, आजोबा?" त्याने विचारलं.

"तीन," बाबा म्हणाले. "पुढच्या मे महिन्यात ये. दुसरा कोपरा खरवडायचाय, माणूस कमी पडतो."

तो मे महिन्यात आला. हाताला फोड आले, पण आठवडाभर राहिला.