कर्णनाद

भाद्रपद वद्य प्रतिपदा. विसर्जनाच्या मिरवणुका संपल्या, ढोल-ताशे आपापल्या मुक्कामी गेले आणि पेरूगेटापासून नागनाथपारापर्यंतची सदाशिव पेठ निद्राधीन झाली, तरी माझ्या डाव्या कानातील रातकिड्यांनी आपला अंमल सोडलेला नाही. उलट बाहेरचा गलबला ओसरताच त्यांना अधिकच जोर चढतो.

सुश्रुताने आपल्या संहितेच्या उत्तरतंत्रात 28 कर्णरोगांत या कर्णनादाची गणना करून दोष कुपित वायूच्या माथी मारला. आजचे वैद्यक म्हणते की, वार्धक्याने अंतःकर्णातील सूक्ष्म रोमपेशी झडल्या म्हणजे तिकडून येणारा संदेश क्षीण होतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठी मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो, तेव्हा नसलेला ध्वनी ऐकू येऊ लागतो. 1801 साली, ऐन तिशीत, बेथोव्हेननेही मित्राला लिहिलेल्या पत्रात हेच गाऱ्हाणे मांडले होते.

बाहेरच्या आवाजाला सरकारने 2000 सालच्या नियमांत निवासी वस्तीसाठी रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली खरी, परंतु आतल्या आवाजाची फिर्याद कोणत्या कचेरीत दाखल करावी? याचा उपद्रव कानापेक्षा चित्तास अधिक: झोप मोडते, वाचनात लक्ष लागत नाही, आणि वारंवार ‘काय म्हणालात?’ विचारण्याच्या संकोचाने मनुष्य चारचौघांत बसणेच टाळू लागतो.

डॉक्टरांच्या सल्ल्याने श्रवणयंत्र घेतल्यापासून दिवस सुसह्य झाले आहेत. रात्री मात्र कानातला आवाज घरघरीत बुडावा म्हणून थंडीतही पंखा चालू ठेवतो. विजेच्या बिलावरून सूनबाई कुरकुरतात, पण झोपेच्या मानाने तो सौदा मला स्वस्तच वाटतो.