नान्नजच्या माळावर

सोलापूरहून बार्शी रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. द्राक्षवाले हे गाव सोनाकामुळे ओळखतात. नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेली लांबट मण्यांची ही जात इथलीच. पक्षीवाले मात्र इथं येतात ते माळढोकासाठी. कोजागरी होऊन गेली होती, शाळूची पेरणी उरकत आली होती आणि पुरतं उजाडायच्या आत आम्ही अभयारण्याच्या फाटकाशी पोचलो.

सोबतीला आलेल्या वनरक्षकाने आधीच बजावलं, "गाडीतनं उतरू नका ओ. गाडीला काय भीत नाहीत, माणूस दिसला की पळत्यात." मग दुर्बीण कुठं लावायची तेही सांगितलं. माळढोकाची पाठ तपकिरी, ती वाळल्या गवतात हरवून जाते. नराची मान मात्र पांढरी असते. गवतावर पांढरी काठी रोवल्यासारखी दिसली की तिथं थांबायचं.

हा पक्षी मीटरभर उंच, नराचं वजन 15 किलोपर्यंत जातं. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड फार थोडे आहेत. त्याच्या सवयी समजून घेतल्या की तो दुर्मीळ का झाला तेही उलगडतं. त्याला झाड नको, दाट झुडूपही नको. चहूकडे नजर पोचेल असा मोकळा माळ हवा. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं, भुईमुगाच्या शेंगा, ज्वारीचे दाणे असं मिळेल ते तो खातो, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या कोरडवाहू शेतीशी त्याचं चांगलं जमत होतं. पावसाळ्यात नर उंचवट्यावर येतो, गळ्याची पिशवी फुगवून खाली लोंबती सोडतो, शेपूट पाठीवर उभी करतो आणि घुमतो. तो खोल आवाज माळावर लांबवर जातो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि जवळजवळ महिनाभर एकटीच उबवते. गुरांचा पाय पडला किंवा भटकं कुत्रं फिरकलं की त्या वर्षीचं सगळं संपलं.

नान्नजचे माळढोक जगापुढे आले ते 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास, सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांच्यामुळे. 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या माळढोकांचा सविस्तर अभ्यास केला, त्यात नान्नज होतंच.

पण अभयारण्याची हद्द आखली ती तब्बल 8,496 चौरस किलोमीटरची, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं आणि शिवारं पोटात घेऊन. जमिनीचे व्यवहार अडले, कामं रखडली आणि ज्याच्या रानात हा पक्षी पिढ्यानपिढ्या चरला त्याच शेतकऱ्याला तो नकोसा झाला. पुढे हद्द 1,222 चौरस किलोमीटरवर आणली गेली. हे शहाणपण उशिरा सुचलं, असं स्पष्ट म्हणायला हवं. तोवर उजनीचं पाणी जिल्ह्यात फिरलं होतं, ऊस वाढला होता, विजेच्या तारा आल्या होत्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, उडताना समोरचं त्याला फार कमी दिसतं आणि जड अंगामुळे ऐन वेळी वळता येत नाही. तारांना धडकून तो मरतो. त्यातच माळ म्हणजे पडीक जमीन समजून वनखात्याने कुरणांत झाडं लावली. ग्लिरिसिडिया माजला तिथं माळढोक बसेना.

अलीकडच्या गणनांत नान्नजला एखाददुसराच पक्षी नोंदला जातो. साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. तिथं 2019 पासून अंडी कृत्रिमरीत्या उबवून पिल्लं वाढवली जात आहेत. याच कुळातला ऑस्ट्रेलियाचा माळढोक तिकडच्या अफाट गवताळ रानांत अजून बरा तग धरून आहे.

आम्हाला पांढरी मान दिसली नाही. पण नजर त्या शोधात असल्यामुळे माळ मात्र भरभरून दिसला. कुसळीच्या तुऱ्यांवरून एक भोवत्या इतका खाली तरंगत गेला की मान वळवून गवतात डोकावणारे त्याचे पिवळे डोळे कळत होते. गाडीपासून दहा पावलांवर धाविकांची जोडी होती. तुरुतुरु पळायचं, एकदम थांबायचं, पुढे वाकून काहीतरी टिपायचं आणि पुन्हा पळायचं. गेरूच्या रंगाची छाती, डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी रेघ. पलीकडे काळविटांचा कळप चरत होता. वाटेच्या ओल्या मातीत लांडग्याचे ताजे ठसे होते, कुत्र्याच्या पावलापेक्षा लांबट. बिलाल हबीब यांनी लांडग्यांवरचं आपलं पीएचडीचं काम याच माळावर केलं.

उन्हं चढल्यावर मार्डीच्या बाजूला मेंढरं घेऊन चाललेले एक धनगर आजोबा भेटले. त्यांनी लहानपणी माळढोक भुईमुगाच्या रानात उतरताना पाहिले होते. "लई मोठं पाखरू ओ. जवळ गेलं तरी आधी चालतच जायचं, मग उडायचं." लांडग्याचं विचारल्यावर म्हणाले, कालच एक कोकरू नेलं. पंचनामा केलात का, असं आम्ही विचारलं. त्यांनी हात झटकला, "त्येचा वाटा हाय त्यो. कुत्रं म्हातारं झालंय, दुसरं आणायला पायजे." आणि मेंढरं वळवून ते अकोलेकाटीच्या वाटेला लागले.