वाळवीचे स्मारक

सांगलीच्या पेठेतील हळदीचे निवृत्त व्यापारी तात्या आणि त्यांचे शाळासोबती आप्पा जपानच्या प्रवासाला निघाले, तेव्हा दोघांच्या सामानातील निम्मी जागा खाकरे, चिवडा आणि सुक्या चटण्या यांनी व्यापली होती. ही खबरदारी अनाठायी नव्हती. नुसत्या भाज्या घातलेल्या नूडल्सचे सारसुद्धा तेथे बहुधा वाळवलेल्या मासळीच्या अर्काचे असते, हे ओसाकात पहिल्याच दिवशी कळले आणि दोघे पानावरून उठले.

कोयासानला जाणे मुळात ठरलेले नव्हते. ओसाकाहून सुमारे दोन तासांच्या अंतरावरील हे पर्वतावरचे बौद्ध तीर्थक्षेत्र. तेथील मठांच्या भोजनात मांस-मासळी तर नाहीच, पण कांदा-लसूणही वर्ज्य, असे समजताच आप्पांनी एक रात्र तिकडे वळवली. इ. स. ८१६ मध्ये कूकाई या आचार्यांना हे स्थान सम्राटाकडून मिळाले. ते आजही तेथे समाधीत ध्यानस्थ आहेत अशी श्रद्धा असून भिक्षू त्यांच्यासाठी दिवसातून दोनदा भोजन नेतात.

मठात साडेपाचलाच ताटे आली. सूर्य अद्याप मावळला नव्हता. तात्या प्रसन्न झाले. मात्र ताटात कमळाचे कंद, गाजर आणि अळंबी होती. तिळाच्या दुधाची मऊ वडी तेवढी दोघांना आवडली असती. पण ती एका वेलीच्या मुळाच्या पिठाने घट्ट करतात, हे फोनवरील भाषांतराच्या मदतीने कळले आणि तीही बाजूला राहिली. उरला भात. वाढणाऱ्या तरुण भिक्षूने काही न विचारता भाताचे दुसरे भांडे आणून ठेवले. त्या भातावर घरची चटणी पडली आणि तात्यांचा चौविहारही सांभाळला गेला.

दुसऱ्या दिवशी दोघे ओकुनोइन येथे गेले. शेकडो वर्षांच्या जपानी सीडर वृक्षांखाली दोन किलोमीटरच्या वाटेवर दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. नव्या भागात कंपन्यांनी आपल्या दिवंगत कर्मचाऱ्यांसाठी उभारलेली स्मारके दिसतात. एक कॉफीच्या कपाचे, एक रॉकेटच्या आकाराचे. पेढीच्या खर्चाने मुनिमांची स्मृती जपण्याची ही कल्पना आपल्या पेठांना सुचली असती, तर वाईट झाले नसते.

त्यांतच एका दगडापाशी आप्पांनी फोन धरला आणि ते चकित झाले. वाळवीनिर्मूलनाचा व्यवसाय करणाऱ्यांच्या संघटनेने मारल्या गेलेल्या वाळवीसाठी ते स्मारक उभारले होते. वाळवीला शांत निद्रा लाभो, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता.

"आधी मारायचे आणि मग दगड उभारायचा! हा कसला धर्म?" आप्पा म्हणाले.

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वीस वर्षांपूर्वीची हकिकत सांगितली. वखारीच्या माळ्याला वाळवी लागली होती. तुळया पोकळ झाल्या, वडिलांच्या हातच्या रोजकीर्दी आणि खतावण्या खाल्ल्या गेल्या. अखेर मुलांनी औषध मारणाऱ्यांना बोलावले. तात्या त्या दिवशी मुद्दाम परगावी लग्नाला गेले. परतले तेव्हा वखार झाडून स्वच्छ झालेली होती. धनादेशावर सही मात्र त्यांचीच होती. दर पर्युषणात सर्व जीवांची क्षमा मागताना तीच वखार त्यांच्या डोळ्यांसमोर येई. पन्नास वर्षांच्या मैत्रीत आप्पांना याचा पत्ता नव्हता.

"यांनी दगड तरी उभारला रे," तात्या म्हणाले. "मी वहीत 'इमारत दुरुस्ती' लिहिले."

आप्पांना उत्तर सुचले नाही. बसची वेळ होत आली होती. तात्यांनी त्या गार, ओल्या फरशीवर बूट-मोजे काढले आणि हात जोडून णमोकार म्हणू लागले. आप्पा दोघांच्या पिशव्या घेऊन बाजूला उभे राहिले. ती बस चुकली.